सोसायटीसाठी थेट शेतातून कांदा: मामांच्या हातात किती पडले?

सायलीची_परडी

मे महिन्यात आमच्या सोसायटीने साठवणीचा कांदा थेट शेतकऱ्याकडून घेतला. कोथरूड, ६४ फ्लॅट, त्यातल्या ४१ घरांनी नावं दिली. शेतकरी म्हणजे माझे सख्खे मामा, चांदवड तालुक्यातले. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला, ‘दलाल हटाव’ झालं, मीही गोण्यांशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला. आता पुढच्या ऑर्डरचा विषय निघालाय म्हणून परवा वही उघडली, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. जाणकारांनी बघा.

वीस किलोच्या ५८ गोण्या, म्हणजे ११६० किलो. दर २२ रुपये. जमा २५,५२०.

पिकअपचं भाडं ७,०००. कांदा निवडून गोण्या भरायला चार बाया, एक दिवस, ४०० रुपये रोजाने १,६००. जाळीच्या गोण्या १४ रुपयांना एक, ८१२. इथे उतरवून मजल्यामजल्यावर पोचवायचे ६००. शिवाय तीन घरांनी ‘ओला निघाला’ म्हणून गोण्या परत केल्या, ते १,३२० गेले. मामांच्या हातात राहिले १४,१८८.

त्याच आठवड्यात चांदवडच्या मार्केटात त्यांच्या मालाला क्विंटलला साडेअकराशेचा भाव निघत होता. ११६० किलोचे १३,३४०. ट्रॅक्टरचं डिझेल, हमाली, तोलाई मिळून ७०० वजा केले तर १२,६४०.

फरक १,५४८ रुपये. किलोला एक रुपया तेहेतीस पैसे, त्यासाठी मामा-मामींचे दोन दिवस मोडले. आमच्या कोपऱ्यावर तेव्हा कांदा ३० रुपये होता, म्हणजे माझे किलोमागे आठ वाचले. मग यात मदत कोणी कोणाला केली?

गवतफुला

अगं पण कांदा टिकला की नाही? आम्ही त्याच सुमारास मॉलमधून आणलेल्यातला निम्मा कोंब येऊन गेला.

सायलीची_परडी

टिकलाय. बाल्कनीत पसरून ठेवलाय, अजून खणखणीत आहे.

बांधावरून

ताई, हिशोब चोख मांडलाय, पण अर्धाच आहे. मी निफाडचा, कांदा आणि थोडी द्राक्षं. एक विचारतो, राग मानू नका. ५८ गोण्या निवडून भरल्यावर जे उरलं, त्याचं मामांनी काय केलं?

शेतातून निघतो तो कांदा सगळा एका मापाचा नसतो. मोठा असतो, मध्यम असतो, गोलटी म्हणजे बारीक कांदा असतो, जोड कांदा असतो, काही खाद म्हणजे खराब माल निघतो. मार्केटात ट्रॉली लागली की व्यापारी वरून दोनचार ठिकाणी हात घालतो, कांदा दाबून बघतो आणि सगळ्या वक्कलाला, म्हणजे आणलेल्या ढिगाला, मिळून एक भाव बोलतो. मोठ्या कांद्याच्या जिवावर बारीकही खपून जातो. तुम्ही मलई काढून नेली, की मागे राहिलेल्या ताकाला कोणी विचारत नाही. पुण्यामुंबईच्या ‘थेट शेतातून’वाल्यांना आमच्यातले पुष्कळ जण आता हात जोडतात, त्याचं कारण हे. त्यांना कांदा फोटोतला लागतो.

आणि मार्केटचंही मी गुणगान करत नाही. लिलावात १२०० पुकारले, पावती हातात आली, ट्रॅक्टर घेऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेलो, निम्मी ट्रॉली खाली झाली की तिथला माणूस म्हणतो, “खाली माल हलका आहे, शंभर कमी करा.” याला आमच्याकडे वांधा काढणं म्हणतात. तक्रारीसाठी बाजार समितीत वांधा समिती असते. पण अर्धी ट्रॉली जमिनीवर, अर्धी वर, मागे भाड्याचं ट्रॅक्टर ताटकळतंय, अशा वेळी समितीकडे कोण जातो? पन्नासवर तडजोड करायची आणि घर गाठायचं. भाव पडल्याचं दुःख निसर्गावर ढकलता येतं. ह्याचं नाही ढकलता येत.

सायलीची_परडी

उरलेल्या मालाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री मामांना फोन करते.

आडत्याचा_लेक

शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय. वडील आणि आजोबा दोघेही आडतीच्या धंद्यात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारे, मी बाहेर पडलो.

११.५० आणि ३० यांच्यामधला आकडा सगळा ‘दलालाच्या खिशात’ जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सायलीताईंची वही वाचावी. कोणी दलाल नव्हता, तरी किलोमागे साडेआठ रुपये वाहतूक, गोणी, मजुरीत गेले आणि एक रुपया परतीच्या मालात. खालचा किरकोळवाला दिवसाला पन्नास किलो विकतो, त्यातला दोनतीन किलो फेकतो, गाळ्याचं भाडं भरतो. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी काढलं होतं की कांद्यावर ग्राहक खर्च करतो त्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्याला जातात, टोमॅटोत ३३, बटाट्यात ३७. उरलेल्यात नफेखोरी आहेच, नाही म्हणत नाही. पण नासाडी आणि डिझेलही आहे.

दुसरं. आमच्या दुकानातून अर्धं गाव उचल न्यायचं. मुलीचं लग्न, बोअरची मोटर, आजारपण. कागद नाही, तारण नाही. त्या बदल्यात माल आमच्याकडेच आणायचा, हा न लिहिलेला करार. त्यात शेतकरी अडकायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि धंद्यातून बाहेर पडायचं ते एक कारण होतं. पण रात्री अकराला वीस हजार देणारा दुसरा कोण आहे, याचं उत्तर दिल्याशिवाय ‘दलाल हटाव’ला अर्थ नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ते मिळणार नाही.

जुनाजाणता

धागा वाचून जुनी जखम ठसठसली. १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो, सायकलवर गेलो होतो रस्ता रोको बघायला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तेव्हा स्वित्झर्लंडमधली बर्नची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करत होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्या पिढीने घसा फुटेस्तोवर दिली.

आज ‘शेतकऱ्याला मदत’ हे शब्द वाचले की म्हणूनच खटकतं. मदत कसली? जोशींचं म्हणणं सरळ होतं. शेतमालाचा भाव आपोआप पडत नाही, तो पाडला जातो. शहरात कांदा महाग झाला की सरकारं हलतात, म्हणून भाव चढायला लागला रे लागला की निर्यातीचं दार बंद. ताजं उदाहरण घ्या: ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखाली बाहेर विकायचं नाही), डिसेंबरात सरसकट बंदी. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला, तोवर उन्हाळ कांदा बाजारात येऊन भाव उतरणीला लागले होते. सोसायट्यांनी दहा टेंपो कांदा घेतला तरी त्या एका अधिसूचनेने झालेलं नुकसान भरून येणार आहे का?

आडत्याचा_लेक

@जुनाजाणता, यावर शंभर टक्के सहमत. ती बंदी आली त्या रात्री माझ्या चुलतभावाच्या दोन गाड्या बांगलादेशच्या वाटेवर होत्या. व्यापारीही त्यात मेला, पण ते कोण लिहिणार.

ट्यूलिप

नेदरलँड्समधून लिहितेय. इथे सुपरमार्केटात केळी, कॉफी, चॉकलेटवर ‘फेअरट्रेड’चा शिक्का असतो. त्याची सुरुवातही इथलीच. मेक्सिकोत कॉफी पिकवणाऱ्या आदिवासींबरोबर काम करणारा फ्रान्स व्हान डर हॉफ हा डच पाद्री आणि निको रोझेन यांनी १९८८ मध्ये ‘मॅक्स हावेलार’ नावाचा शिक्का बाजारात आणला. पुढच्याच वर्षी कोणत्या देशाने किती कॉफी विकायची हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय कोटा मोडला आणि जगभर भाव कोसळले, तेव्हा त्याचं महत्त्व कळलं.

आतली रचना साधी आहे. एक किमान दर ठरलेला. बाजारभाव त्याखाली गेला तर किमान दर द्यायचा, वर गेला तर बाजारभाव. त्यावर थोडी जादा रक्कम, जी वैयक्तिक खिशात न जाता शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळते, आणि तिचं काय करायचं ते सभासद ठरवतात. धुतलेल्या अरेबिका कॉफीला हा किमान दर बरीच वर्षं पौंडाला १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ पासून १.८० केला, वर २० सेंट संस्थेला. शिवाय संस्थेने मागितली तर खरेदीदाराने आगाऊ रक्कम द्यायची, असाही नियम आहे. आडत्याच्या लेकाने काढलेल्या प्रश्नाला तो जवळ जातो.

आता दुसरी बाजू. शिक्का मिळवायला आणि टिकवायला पैसे पडतात. संस्थेचा सगळा माल शिक्क्याच्या अटींवर विकला जात नाही, उरलेला साध्या भावाने जातो. आणि २०२५ च्या सुरुवातीला कॉफी चार डॉलरच्या वर गेली तेव्हा १.८० च्या किमान दराला कोण विचारतो? उलट सभासदच संस्थेला टाळून बाहेरच्या व्यापाऱ्याला माल देतात. तेव्हा हा जादूचा शिक्का आहे असं समजू नका. पण ‘खाली गेला तर इतका, वर गेला तर बाजारभाव’ हे वाक्य तुमच्या सोसायटीला जसंच्या तसं उचलता येईल.

अवांतर: इथे फेब्रुवारीपासून नाशिकची द्राक्षं दिसायला लागतात. डब्यावर देशाचं नाव वाचलं की उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं होतं.

बांधावरून

@ट्यूलिप, त्या द्राक्षांचीही गोष्ट आहे. २०१० ला क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपने आपले कंटेनर अडवले. वेलींची वाढ आवरायला जे औषध सगळे सर्रास मारत होते, तेच नडलं. माझ्या सासऱ्यांचे त्या वर्षी हाल झाले. माल गेला होता, पैसे आले नाहीत, वर तिकडच्या विल्हेवाटीचा खर्च.

त्यातून काहींनी धडा घेतला. मोहाडीची सह्याद्री फार्म्स आज सगळ्यांना माहीत आहे. विलास शिंदे आणि सोबतच्या द्राक्षवाल्यांनी शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी, काढली आणि स्वतःचं शीतगृह, पॅकहाऊस, तपासणी, निर्यात असं सगळं उभं केलं. बाग कोणाची, फवारणी कोणत्या तारखेची, हे डब्यावरच्या कोडवरून सापडतं. तिथे द्राक्ष बाद झालं तर का झालं ते कळतं, आणि खायच्या लायकीचा उरलेला माल दुसऱ्या वाटेने विकला जातो. खळ्यावरच्या वांध्यात आणि यात फरक हाच. प्रतवारी दोन्हीकडे होते, पण इथे ती करणारा माणूस आपल्या पगारावर असतो.

सायलीची_परडी

काल मामांशी बोलले. आधी पाच मिनिटं विषयच टाळला. “पाऊस आहे का तिकडं? जावईबापू बरे आहेत का?” मग मी सरळ विचारलं, उरलेल्या मालाचं काय केलंत?

आमच्या ११६० किलोसाठी मामांनी जवळपास १६ क्विंटलचा ढीग निवडायला घेतला होता. ४४० किलो मागे राहिला. तो सगळा बारीक, जोड, थोडा सालटं गेलेला. मार्केटात ६०० ने गेला. सरसकट ढिगातून गेला असता तर साडेअकराशेने ५,०६० आले असते, आले २,६४०. म्हणजे २,४२० चा खड्डा.

माझे १,५४८ त्यातून वजा करा. आमच्या ‘थेट खरेदी’त मामांना ८७२ रुपयांचा तोटा झाला.

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाले, “तू एवढी हौसेनं करत होतीस. आणि भाचीकडून पैसे मागायचे का?” पलीकडून मामींचा आवाज आला, “अन् ते पिशवीवर चिकटवायचे कागद पण तिनंच पाठवले होते ना छापून.” हो. पाठवले होते. ‘शेतातून थेट तुमच्या दारी’. चार रंगांत.

गवतफुला

सायली, एक मिठी. आणि त्या तीन परत गोण्यावाल्यांना माझ्यातर्फे एक धपाटा.

तुरीची_डाळ

लातूरकडची आहे. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची संचालक म्हणून चार वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी सांगते. आमच्याकडं सोयाबीन.

पहिली गोष्ट, मॉइश्चर. हमीभाव खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. ऑक्टोबरात काढणीला पाऊस लागला की माल १६-१७ ला असतो. म्हणून माणूस व्यापाऱ्याकडं जातो. तो मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो, आकडा स्वतः वाचतो, मशीन आपल्याकडं वळवतसुद्धा नाही. म्हणतो “अठरा आहे”, आणि क्विंटलमागं घट धरून मोकळा. आम्ही कंपनीच्या पैशातून सगळ्यात आधी काय घेतलं असेल तर ते ओलावा मोजायचं मशीन आणि इलेक्ट्रॉनिक काटा. देवळाच्या ओट्यावर ठेवला, कोणीही यावं आणि फुकट मोजून जावं. माल आम्हाला घातला नाही तरी चालेल. पहिल्या हंगामात माल आला थोडाच, पण गावात येणाऱ्या खरेदीदारांची १८ ची १५ झाली. आपोआप! ओट्यावर मोजून आलेल्या बाईला अठरा सांगायची हिंमत होत नव्हती.

दुसरी गोष्ट, रोख. इथंच आम्ही तोंडावर आपटलो. कंपनी मोठ्या खरेदीदाराला माल देणार, त्याचे पैसे वीस-पंचवीस दिवसांनी येणार, तेव्हा सभासदाला मिळणार. व्यापारी शंभर रुपये कमी देतो, पण काट्यावरच मोजून देतो. दिवाळी आठ दिवसांवर असताना कोण थांबेल? मी स्वतः थांबले नसते. दहा जण मिळूनही उत्पादक कंपनी नोंदवता येते, कायदा २००३ पासून आहे, कागदावर कंपन्या ढिगानं आहेत. खेळतं भांडवल नसलं की त्या नुसत्या फलकापुरत्या राहतात.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आमच्या कामी आली. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. दिवाळीही होते आणि पडलेल्या भावात विकावंही लागत नाही. भाव वाढेलच असं नाही, एका वर्षी उलट पडला आणि आम्ही हात चोळत बसलो. पण कधी विकायचं ते आपण ठरवलं होतं. कांद्याला असं गोदाम चालत नाही हे माहीत आहे, तो कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर शेडमध्ये, जिवंत असतो, दर महिन्याला वजन घटतं.

स्पष्टवक्ता

एवढ्या चर्चेपेक्षा दुधासारखं का करत नाही सगळे? १९४६ पासून खेडा जिल्ह्याने (अमूलने) दाखवलंय. फॅट मोजा, पैसे द्या, संस्था सभासदांची.

आडत्याचा_लेक

कारण दूध रोज दोनदा निघतं आणि रोज दोनदा पैसे फिरतात. कांदा निघतो हंगामात एकदा, तोही सगळ्यांचा एकाच वेळी. शिवाय दुधाला फॅट नावाचा एक आकडा आहे ज्यावर भांडण मिटतं. कांद्याची फॅट सांगा, लगेच करू.

बांधावरून

😂 ‘कांद्याची फॅट’ घरी वाचून दाखवली.

सायलीची_परडी

सगळ्यांचे आभार. रविवारी आमच्या सोसायटीची आणि शेजारच्या दोन सोसायट्यांची बैठक झाली. मी हा धागा छापून नेला होता. वाद झाले. एका काकांचं म्हणणं, “आम्ही ग्राहक आहोत, सेवाभावी संस्था नाही.” मला ते पटलंसुद्धा. मी म्हटलं, बरोबर, म्हणूनच मामांनाही सेवाभावी संस्था करू नका.

शेवटी ठरलं ते असं. कांदा सरसकट घ्यायचा, गोलटीसकट. फक्त सडका आणि कोंब आलेला काढायचा. गोलटी भरल्या कांद्याला चालते, हे बैठकीतल्या तीन आज्यांनी पटवून दिलं, माझ्या बोलण्याचा काही उपयोग नव्हता. दराचं ट्यूलिपचं वाक्य उचललं: त्या दिवशीचा लासलगावचा सरासरी भाव अधिक दोन रुपये, पण एकूण १६ च्या खाली नाही. वाहतूक, गोण्या, हमाली आमच्याकडे, दरात मिसळायची नाही, वेगळी लिहायची. एकाच्या पिकअपऐवजी मामांच्या वस्तीवरच्या सात घरांचा मिळून पाच टनांचा आयशर. भाड्याचा आकडा मिळाला आहे, किलोला तीन रुपयांच्या आत बसतोय. गेल्या वेळी सहा पडले होते. आणि निम्मी रक्कम फेब्रुवारीत आगाऊ, तेव्हा त्यांना काढणीच्या मजुरीला रोख लागते. या शेवटच्या मुद्द्यावर सोळा घरं गळाली. “बुडाले तर?” असं विचारत होते. सध्या तिन्ही सोसायट्या मिळून ९४ घरं आहेत.

बांधावरून

ताई, ९४ घरं आणि पाच टन म्हणजे घरटी त्रेपन्न किलो. खाणार आहात की दुकान टाकणार आहात?

सायलीची_परडी

अरे देवा. हे मोजलंच नव्हतं.

बांधावरून

तीन टनांची गाडी बघा, नाहीतर अजून दोन सोसायट्या. आणि काटा कोणाचा, ते ठरलं का? तिकडे भरताना एक आणि इकडे उतरताना दुसरा असेल तर पहिल्याच खेपेला वांधा निघेल.

सायलीची_परडी

मामांच्या गावात धर्मकाटा (अख्खी गाडी तोलणारा काटा) आहे. तिथली पावती ड्रायव्हरबरोबर येणार, पैसे त्या वजनावर. वाटेत सुकून जी घट होईल ती आमची.

तुरीची_डाळ

ती पावती ग्रुपवर टाका, फोटोऐवजी.